श्रावणात किनाऱ्याने पायी जाताना : पाठीवर काय घ्यावे, घरी काय ठेवावे



श्रावणाच्या मध्यावर आपल्या घाटावरच्या गावांतून थोडी उसंत मिळते. कोळपणी-खुरपणी हातावेगळी झालेली असते. सोयाबीन फुला-शेंगेत असते आणि काढणीला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. अशा वेळी घरातली कॉलेजात जाणारी मुले म्हणू लागतात, "चार दिवस कोकणात जाऊन येऊ. गाडीने नको, समुद्राच्या कडेने पायी हिंडू." आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "पावसाळ्यात समुद्र? काही नको."

दोघांचेही थोडे थोडे खरे असते. मुलांचा हट्ट वेडा नाही आणि वडिलांची भीतीही खोटी नाही. पण नुसते "जा" म्हणणे किंवा नुसते "नको" म्हणणे, या दोन्हींत शहाणपण नाही. पेरणीचा निर्णय आपण जसा पाऊस, वाफसा आणि बियाणे पाहून घेतो, तसाच हाही घ्यावा. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून, पावसात किनाऱ्याने पायी जायचे असेल तर बेत कसा आखावा आणि पाठीवर काय बांधावे, हे सांगणार आहे. अनुभव स्वतःचा आहे, आणि त्यातला पहिला अनुभव चांगला नाही.

दिव्याच्या अवसेची गोष्ट

साल १९९५. मी नुकताच नोकरीला लागून दापोली तालुक्यात रुजू झालो होतो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावाहून माझा धाकटा चुलतभाऊ आणि त्याचा एक मित्र मला भेटायला आले. दोघे विशीतले. आषाढ संपत आला होता, दिव्याची अवस दोन दिवसांवर होती. पाऊस धो धो. तरी आम्ही आंजर्ल्याहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघालो.

सामान म्हणाल तर बिऱ्हाडच! एक वाकळ, वातीचा स्टोव्ह, तांदूळ, पितळी पातेले, सुती कपड्यांचे तीन-तीन जोड. चुलतभावाच्या पाठीवर लष्करी पद्धतीची जाड कॅनव्हासची पिशवी होती, छातीवर आणि कमरेला पट्ट्याने आवळलेली.

सकाळी सातच्या सुमारास वाटेत एक ओढा लागला. ओढ्याला तिकडे पऱ्या म्हणतात. तो वाळूत पसरून समुद्राला मिळत होता. पाणी घोट्याएवढे. हसत-खेळत ओलांडून गेलो. पुढे पावसाने झोडपले तेव्हा परत फिरलो आणि दुपारी बाराच्या आत-बाहेर त्याच पऱ्यावर आलो. पाहतो तो पाणी कमरेच्या वर! वरच्या अंगाला साकव होता, पण त्यासाठी दीड-दोन किलोमीटरचा वळसा. भाऊ म्हणाला, "सकाळी तर घोट्याएवढं होतं," आणि पाण्यात शिरला.

दहा पावलांवर त्याचा पाय सुटला. वाकळ भिजून तिचे वजन दुप्पट झालेले, पट्टे आवळलेले. पिशवी त्याला पाठीवर पाडून ओढू लागली. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेले एक वृद्ध मच्छीमार धावले. त्यांनी आधी त्याचा दंड धरला आणि मग कोयत्याने पट्टे कापले. पिशवी समुद्रात गेली. भाऊ वाचला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. अर्ध्या तासाने तो असा काकडू लागला की दातखीळ बसते की काय असे वाटले. कोरडा म्हणावा असा एक धागा आमच्या तिघांकडे नव्हता. त्या मच्छीमाराच्या घरच्या आजींनी आपल्या मुलाचे कपडे त्याला घातले, चुलीजवळ बसवले आणि गरम पेज पाजली. तेव्हा कुठे त्याच्या ओठांचा रंग परत आला.

त्या दिवशी आमच्या तीन चुका झाल्या. तिथी पाहिली नाही. पाठीवर नको ते बांधले. आणि वळसा टाळला. पुढचे सगळे सांगणे या तीन चुकांभोवतीच आहे.

कधी जावे?

घाटावरच्या पावसाचा आणि कोकणच्या पावसाचा हिशेब वेगळा. पुण्याला वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीत तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि त्यातही जुलै सर्वांत जोराचा. तेव्हा आषाढात किनाऱ्याने चालायचा विचारच करू नये. जून-जुलैत यांत्रिक होड्यांनाही मासेमारीची बंदी असते. जे समुद्राचे, ते जेव्हा घरी बसतात तेव्हा आपण तिथे जाऊन काय दिवे लावणार?

नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर सहसा उतरू लागतो. पुढे गणपती आले की एसटी गच्च भरतात, घरोघर चाकरमानी येतात आणि राहायला जागा मिळत नाही. म्हणून नारळी पौर्णिमा आणि गणेश चतुर्थी यांच्या मधले दिवस धरावेत. त्यात श्रावणी अमावस्येला पोळा येतो. ज्यांच्याकडे पोळा आहे त्यांनी त्याच्या आत घरी परतावे. बैलाच्या सणाला घरचा माणूस घरी हवा. आमच्याकडे बेंदूर आषाढातच होऊन जातो, त्यामुळे ती अडचण नाही.

माझे मत विचाराल तर श्रावण वद्य सप्तमी ते दशमी हे चार दिवस उत्तम. का, ते पुढे पाहा.

तिथीवरून भरती ओळखा

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी ही वेळ पाऊण तासाने, कधी थोडी जास्त, पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे. आजच्या तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही.

उदाहरण घ्या. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. दुपारी बाराला ओहोटी. दशमीला साडेसातला भरती, दीडला ओहोटी. हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावातल्या मच्छीमारांना विचारून खात्री करावी. पण घराबाहेर पडताना कॅलेंडर पाहून एवढे गणित प्रत्येकाला करता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट उधाणाची. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी, तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती सर्वांत लहान, ती भांगाची भरती. आता आमची १९९५ ची चूक लक्षात आली ना? अमावस्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, तीही उधाणाची. आम्ही सकाळी ओहोटीत गेलो आणि भर भरतीत परतलो. त्याउलट वद्य अष्टमीच्या आसपास भरती लहान असते आणि ओहोटी नेमकी दुपारी येते. म्हणजे सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंतचा चालायचा सगळा वेळ पाणी उतरलेले राहते. गोकुळाष्टमी तर असतेच. कोकणातला तो सणही पाहायला मिळतो.

मात्र खाडी आणि पऱ्या यांना नुसती ओहोटी पुरत नाही. वर डोंगरात पाऊस पडला की ओहोटीतही लोंढा येतो. पाणी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, की वर पाऊस आहे हे समजावे आणि पाण्यात पाय घालू नये.

कुठून कुठे?

नवख्या माणसांना मी दापोलीचा किनारा सुचवतो. पहिला दिवस लाडघरहून कर्दे आणि मुरुड. दुसरा दिवस मुरुडहून हर्णै. तिसरा दिवस हर्णैहून पूल ओलांडून आंजर्ले. चौथा दिवस आंजर्ल्याहून पाडले, आडे आणि जमले तर केळशी. कुठल्याही दिवशी दहा-बारा किलोमीटरच्या वर चाल धरू नये. पावसात आणि ओल्या वाळूत माणूस निम्माच चालतो. उरलेला वेळ बसायला, बोलायला आणि कपडे वाळवायला लागतो.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे याला कारण आहे. पावसाळी वारा नैऋत्येचा. उत्तरेकडे चालताना तो पाठीवर आणि डाव्या अंगाला लागतो, तोंडावर येत नाही. उलट दिशेने गेलात तर चारही दिवस डोळ्यांत पावसाचे सपकारे.

या वाटेवर रस्ता आणि एसटी कधीच फार दूर नाही. हाच मोठा आधार. चिपळूण, खेडमार्गे दापोली गाठावी. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून जाता-येता एकेक दिवस हाताशी राखावा. शेतीच्या अभ्यासासाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहेच. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे प्रक्षेत्र पाहायचे असेल तर आधी विचारणा करावी. वाटेत भाताची खाचरे, उतारावरची नाचणी, नारळ-सुपारीच्या बागा दिसतील. आपल्या मुलांनी त्या बांधावरून पाहाव्यात. पण पावसात खाचरांचे बांध मऊ असतात, त्यांवरून वाट काढू नये. आपल्या वाफ्यातून कोणी बूट घालून गेले तर आपल्याला चालेल का?

तंबूचा विचार करू नका. जमीन पाण्याने फुगलेली असते आणि सुरूच्या बनात वाऱ्याने फांद्या मोडतात. घरगुती निवास किंवा देवस्थानची जागा आधी फोन करून ठरवावी. पावसाळ्यात पुष्कळ जागा बंद असतात, म्हणून हे काम निघण्याच्या आधीच व्हावे. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग काठावरूनच पाहावा. पावसाळ्यात त्या किल्ल्यावर होडीने जायचे मनात आणू नये. आणि समुद्रात पोहायचे नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा पावसाळी लाट पायाखालची वाळू ओढून नेते.

पाठीवर काय बांधावे?

पहिला नियम वजनाचा. सगळे बांधून झाल्यावर सॅक घरच्या धान्याच्या काट्यावर ठेवावी. मुक्काम घरांत आणि जेवण तिथेच असेल तर पाण्यासकट सहा-सात किलोच्या वर ओझे जाऊ नये. काटा जास्त दाखवू लागला तर सामान काढावे.

दुसरा नियम कोरडेपणाचा. कोणतीही सॅक, कितीही महाग असो, कोकणच्या पावसात शिवणीतून झिरपतेच. म्हणून बाहेरून झाकण्यापेक्षा आतून अस्तर महत्त्वाचे. जाड प्लास्टिकची मोठी नवी पिशवी सॅकच्या आत पसरावी, त्यात सामान भरावे, तोंड पिळून दुमडावे आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधावे. इथे एक ताकीद देतो. खताची किंवा कीटकनाशकाची रिकामी पिशवी धुऊनसुद्धा यासाठी वापरू नका. अंगाला लागणारे कपडे आणि खाण्याचे जिन्नस त्यात जाणार आहेत.

तिसरा नियम सर्वांत मोठा. तो मुलांकडून पाठ करून घ्या. कपड्यांचे दोनच जोड घ्यायचे, एक ओला आणि एक कोरडा. ओला जोड दिवसा चालायचा. कोरडा जोड संध्याकाळी छपराखाली गेल्यावरच बाहेर काढायचा. सकाळी तो परत पिशवीत जाईल आणि अंगावर कालचा ओलाच चढेल. सकाळी ओला सदरा घालताना अंगावर काटा येतो, मोह होतो की आज कोरडाच घालावा. तो मोह आवरायचा. चालू लागल्यावर दहा मिनिटांत अंग गरम होते. पण कोरडा जोड एकदा भिजला, की रात्री थंडीने कुडकुडण्याला इलाज नाही.

चालायचे कपडे टेरिलीनसारखे पातळ, लवकर वाळणारे असावेत. जीनची पँट घरीच ठेवा, भिजली की ती वाळता वाळत नाही. कोरड्या जोडीबरोबर लोकरीचा एक स्वेटर असू द्यावा. आपली घोंगडी गुणाची, भिजली तरी थोडी ऊब देते. पण भिजल्यावर ती उचलवत नाही, म्हणून या कामाला नको. पांघरायला एक चादर आणि हलकी शाल पुरते.

पावसासाठी सॅकसकट अंग झाकेल असे घोंगतेवजा प्लास्टिकचे आवरण उत्तम. जुन्या लोकांचे इरले हेच काम करीत असे. छत्री गावात ठीक, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि माणसाला ओढते.

पायात चामड्याचे काही नको. घट्ट पट्ट्याची, खाचेदार तळव्याची रबरी सँडल घ्यावी. ती घरी आठ दिवस वापरलेली असावी. नवी चप्पल वाटेवर घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर आणि किनाऱ्याच्या खडकांवर शेवाळ असते, तिथे घाई करू नये. संध्याकाळी पाय स्वच्छ धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. सकाळी निघताना खोबरेल तेल चोळावे.

आता यादी. कात्रण करून ठेवली तरी चालेल.

• प्रत्येकाकडे : दोन कपड्यांचे जोड, स्वेटर, चादर, शाल, पावसाचे आवरण, टॉवेल पातळ सुती, आतले कपडे तीन. मुलींनी पाळीचे कापड किंवा पॅड वेगळ्या प्लास्टिकमध्ये न चुकता घ्यावे.

• बॅटरी आणि जादा सेल. मोबाइल आणि त्याचा चार्जर-बँक दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत. एक शिट्टी गळ्यात.

• पैसे दोन ठिकाणी. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर, शिसपेन्सिलीने लिहिलेले. शाई पाण्याने पसरते, पेन्सिल पसरत नाही.

• दहा मीटर दोरी, कपडे वाळत घालायला. ओढा ओलांडायला नव्हे.

• खायला : दशम्या पहिल्या दोन दिवसांना. भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे घट्ट झाकणाच्या डब्यात. भाकरी दमट हवेत लवकर बुरसते. चिवडा तासात सादळतो.

• पाणी : दीड लिटर. पावसात विहिरीचे पाणी गढूळ होते, म्हणून उकळलेलेच प्यावे. ते जमत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब पाकिटावरील सूचनेप्रमाणे वापरून अर्धा तास थांबावे.

• औषधे : रोजची चालू औषधे, पट्टी, जंतुनाशक मलम, जलसंजीवनीची पाकिटे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

आजार आणि अपघात यांविषयी थोडे

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून किंवा खाचरातून चालू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा आजार अशाच पाण्यातून येतो. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना "आम्ही कोकणात पाण्यातून चाललो होतो" हे आपणहून सांगा.

सकाळी सँडल झटकून घालावी. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. साप चावलाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काही करू नये. माणसाला न चालवता, चावलेला भाग न हलवता ताबडतोब दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. वाळूवर निळ्या फुग्यासारखा जीव पडलेला दिसला तर हात लावू नका. तो विषारी जेलीफिशचा भाऊबंद आहे, मेल्यावरही डसतो.

घरी ठेवायचा कागद

बेताचा निम्मा भाग पाठीवर असतो, निम्मा घरी. एका कागदावर रोजचा मुक्काम, तिथला फोन, बरोबरच्यांची नावे आणि परतायचा दिवस लिहून तो घरी ठेवावा. रोज संध्याकाळी एक फोन. ठरल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही तर घरच्यांनी काय करायचे, तेही त्यावर लिहावे. असा कागद घरी असला की आईला झोप लागते.

रोज सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहावा. पिवळा असेल तर जपून, रस्ता धरून. नारंगी किंवा लाल असेल तर त्या दिवशी चालायचे नाही, छपराखाली बसून घरच्यांशी गप्पा मारायच्या. विजांसाठी दामिनी हे ॲप आहे, आपण शेतात वापरतो तेच. यात वाद नको, मतदान नको. निघण्याआधीच हे ठरलेले असावे.

गेल्या श्रावणातली गोष्ट

हे सगळे पुन्हा मांडायचे कारण माझी पुतणी. १९९५ साली पऱ्यात पडलेल्या त्याच चुलतभावाची ही मुलगी. कृषी महाविद्यालयात शिकते. गेल्या वर्षी ती आणि तिच्या तीन मैत्रिणी किनाऱ्याने जायचे म्हणू लागल्या. भाऊ एरवी शांत माणूस, पण या नावाने उठून बाहेर गेला. तीस वर्षांत तो एकदाही समुद्रावर गेला नव्हता.

पुतणी मला म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा बाबांना."

मी म्हणालो, "मी सांगणार नाही. तू कागद कर. तिथी मांड, मुक्काम लिही, वजन कर. तो कागद सांगेल."

तिने कागद केला. भावाने तो दोनदा वाचला. तिची सॅक स्वतः काट्यावर ठेवली. साडेसहा किलो भरली. मग कमरेचा पट्टा हातात धरून तिला म्हणाला, "पाण्याजवळ आलीस की हा आधी सोडायचा." आणि थोड्या वेळाने, "मीही येतो."

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी, दशमीला, सकाळी इशारा पिवळा होता आणि ऊनही पडले होते. आंजर्ल्याहून निघून साडेअकराच्या सुमारास ते त्याच पऱ्याच्या तोंडाशी आले. ओहोटी चालू होती. पाणी घोट्याच्या थोडे वर. भाऊ काठावर उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मुलीला शिकवायचे की तिचे पाहायचे, हे त्याने आधीच ठरवले असावे.

पुतणी वाकून पाहत होती. म्हणाली, "बाबा, पाणी लाल होतंय. पानं यायला लागलीत. फिरायचं."

ते फिरले. वळसा घालून रस्त्यावर आले, आंजर्ल्याला परतले आणि एसटीने दापोली गाठली. एसटीत बसल्यावर पाऊस जो कोसळला तो रात्रीपर्यंत थांबला नाही. केळशी पाहायची राहिली.

घरी आल्यावर भावाने मला फोन केला. म्हणाला, "आण्णा, पोरीचा कोरडा जोड कोरडाच आला."

मंडळी, एवढेच सांगायचे होते. समुद्र पाहायला मुलांना जरूर पाठवा, जमले तर बरोबर जा. पण निघण्याआधी कॅलेंडर, काटा आणि कागद या तीन गोष्टी समोर घ्या. आणि पाणी लाल झाले तर मागे फिरायचे, हे घरातूनच ठरवून निघा. केळशी कुठे जात नाही, पुढच्या श्रावणात पाहता येईल.